छत्तीस पावलांची झेरॉक्स

टकळीला आत्मविश्वास आला तो नववीच्या पहिल्या चाचणीनंतर, एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत. इतकं नेमकं सांगता येतं, कारण त्याआधी ती हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. त्या मंगळवारी वक्तृत्व स्पर्धेतली मुलगी घसा बसून घरी गेली, बाईंनी हिला ढकलून उभं केलं, आणि ही तीन मिनिटांच्या जागी सतरा मिनिटं बोलली. घंटा वाजवली, थांबली नाही. माइक बंद केला, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होतं. पहिला नंबर आला. त्या दिवसापासून घरात तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही. "टकळी, श्वास घे," असं आई दिवसातून आठ वेळा म्हणायची आणि टकळी तो बोलता बोलताच घ्यायची.

अशा मुलीच्या ताब्यात शाळेने परदेशातली एक अख्खी शाळा दिली.

म्हणजे झालं असं, की त्या वर्षी शाळेने 'मैत्री शाळा' नावाचा उपक्रम घेतला. समुद्रापलीकडच्या एका देशातल्या शाळेशी जोडी जमली. पुरात ज्यांची घरं गेली, काहींची घरातली माणसंही गेली, अशी छत्तीस मुलं तिथल्या वसतिगृहात राहत होती. जुनी शाळा पाण्याने नेली होती. नवी डोंगरावर बांधली होती, आणि तिथपर्यंतची तासाभराची वाट म्हणजे सगळी टोकदार खडी. तिथल्या हेडमास्तरांनी दोन्ही शाळांना जेमतेम येणाऱ्या तिसऱ्याच एका भाषेत पत्र लिहिलं होतं. "मुलांना बूट मिळाले तर नव्या सत्रापासून ती वर चढू शकतील. यापूर्वी तीन शाळांनी आमच्याशी मैत्री केली. त्यांची पत्रं फार सुंदर होती. मग ती यायची थांबली. मुलं अजून पोस्टमन दिसला की फाटकापर्यंत धावत जातात. तुम्हाला जमणार नसेल तर कृपया आत्ताच सांगा."

सभागृहात सगळ्या शाळेसमोर शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर मुख्याध्यापिका बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. बाकीचे शिक्षक खिडकीबाहेर बघायला लागले. आणि तेवढ्यात टकळी उभी राहिली.

"आम्ही बूट पाठवू. सत्र सुरू व्हायच्या आत. शब्द देते."

"कोणाचा शब्द?" बाईंनी विचारलं.

"माझा."

बाईंनी त्याच संध्याकाळी तिचा शब्द, जसाच्या तसा, तिच्या सहीनिशी पाठवून दिला. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. तुम्ही उत्साहाच्या भरात काही बोललात की ते लगेच टाइप करतात.

वर्षभर जमवलेल्या रद्दीच्या पैशांतून शाळेने जाड निळ्या कापडाचे तागे आणि सोलसाठी रबराचे ताव आणले होते. म्हणजे सामान होतं, उत्साह होता, फक्त सल्ल्याची कमतरता होती. ती टकळी राहायची त्या इमारतीने भरून काढली. वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर आजोबा राहत. ते जिन्यातच थांबवून म्हणाले, "पार्सलला सुतळी बांधणार की पट्टी?"

"आजोबा, अजून बूटच नाहीत."

"बूट दुय्यम गं. गाठ महत्त्वाची. गाठ सुटली की बूट कुणाचे, पार्सल कुणाचं!"

शेजारच्या काकू एकदा अकरा दिवस परदेशात जाऊन आल्या होत्या. गेली चौदा वर्षं त्या त्यातच होत्या. "तिकडे घरातसुद्धा बूट घालतात बाई. म्हणजे प्रत्येकी दोन जोड लागणार. आणि रंग गडद घ्या, तिकडे गडद चालतो."

"कुठल्या देशात, काकू?"

"तिकडे," काकूंनी खिडकीबाहेर हात केला. तिथे पाण्याची टाकी होती.

सगळ्यांत एकच शहाणा सल्ला निघाला, तो खेळाच्या सरांचा. त्या देशात बुटांचे नंबर वेगळे, आपले वेगळे, तेव्हा नंबर विचारूच नका. प्रत्येकाला कागदावर उभं करा आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवून तो कागद मागवा.

तीन आठवड्यांनी छत्तीस कागद आले. लांबलचक, पिवळट, गुंडाळी केलेले. प्रत्येकावर एक उजवं पाऊल, कोपऱ्यात वय, आणि नाव. नावं त्यांच्या लिपीत होती, ती कुणाला वाचता येईना. पण मुलं हुशार. प्रत्येकाने खूण म्हणून एक चित्र काढलं होतं. कासववाला, विमानवाली, छत्रीवाली, वाकड्या चंद्राचा. एकाने मुंगी काढली होती. गुंडाळी संध्याकाळी घरी आली, टकळीने नुसतीच उलगडून पाहिली आणि सकाळी थेट, बूट शिवून द्यायला तयार झालेल्या कोपऱ्यावरच्या बूटवाल्या काकांकडे न्यायची असं ठरवलं. पण त्या घरातून कुठलाही कागद थेट कुठेही जात नसे.

टकळीचे बाबा एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. सव्वीस वर्षं. त्यांच्या हातून आजवर एकही मूळ कागद गहाळ झालेला नव्हता, कारण त्यांनी तो कधी कुणाला दिलाच नव्हता. मागणाऱ्याला नक्कल. मूळ कपाटात. घरातही तोच कायदा. आईने वाण्याची यादी लिहिली की वाण्याकडे जायची ती तिची नक्कल.

"बूटवाल्याला मूळ कागद?" बाबांचा चेहरा असा झाला, जणू टकळी छत्तीस मुलंच बूटवाल्याकडे ठेवायला निघाली होती. "गोंद सांडेल, चहा सांडेल. मी नकला काढून आणतो."

झेरॉक्सच्या दुकानात कागद काचेवर ठेवले, तर ते काचेपेक्षा लांब. दुकानदार म्हणाला, "साहेब, कडा कापल्या जातील. नाहीतर लहान करून बसवतो."

कुठल्याही सर्वसाधारण माणसाच्या डोक्यात इथे एक छोटीशी घंटा वाजली असती. पण रेकॉर्ड रूमच्या माणसाला कागदावरचं सगळं दिसलं म्हणजे झालं. कागदावर नकाशा असो, जमिनीचा उतारा असो की पाऊल. अक्षर लागतंय ना, कड शाबूत आहे ना, मग नक्कल उत्तम. "कड जाता कामा नये," बाबा ठामपणे म्हणाले. "कड म्हणजे पुरावा. लहान करा." आणि घरी येऊन त्यांनी छत्तीसही नकलांवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून खाली सही केली.

बूटवाल्या काकांनी सत्यप्रती हातात घेतल्या. एक पाहिली. दुसरी पाहिली. चष्मा कपाळावर चढवून तिसरी पाहिली.

"एवढुस्से पाय? ही किती वर्षांची पोरं म्हणायची?"

टकळीने नकलेचा कोपरा पाहिला. मुंगीवाला. वय सोळा. पाऊल तिच्या तळहातात मावत होतं. "कुपोषण, काका," ती हळूच म्हणाली.

इथे ती थांबली असती तरी पुढचं बरंच टळलं असतं. पण आत्मविश्वास ताजा होता. वर्गातल्या तक्त्यावरची सगळी जीवनसत्त्वं तिने काकांना सांगितली, मग पूर, मग जगाची बेफिकिरी. काकांनी हातातली कात्री खाली ठेवली. "माझी नात नऊ वर्षांची," ते म्हणाले, "तिचा पाय याच्या दीडपट आहे गं." त्यांनी डोळे पुसले आणि प्रत्येक बुटाला दुहेरी सोल लावायचं ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात पालकसभा होती. टकळीने व्यासपीठावर मुंगीवाल्याची सत्यप्रत उंच धरली. "सोळा वर्षांचा मुलगा! आणि पाऊल? माझ्या तळहाताएवढं!" सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. शेजारच्या काकू तर इतक्या रडल्या, की त्यांना बाहेर नेऊन पाणी द्यावं लागलं. बाबांनी मागच्या रांगेतून शेजाऱ्याला सांगितलं, "नक्कल बघा किती स्पष्ट आलीय." बाई इतक्या भारावल्या, की त्यांनी भाषणाचं चित्रीकरण, पत्राच्या भाषेतल्या अनुवादासकट, परदेशातल्या शाळेला धाडून दिलं. आठ मिनिटांचं भाषण एकविसाव्या मिनिटाला संपलं. टकळीला वाटलं, आता आयुष्यात मिळवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

बूट तयार झाले. छत्तीस जोड, निळे, दुहेरी सोलचे, टकळीच्या हॉलमध्ये भिंतीकडेने मांडून ठेवलेले. इतके गोजिरवाणे, की येणारं-जाणारं प्रत्येक माणूस एखादा जोड उचलून 'अगं बाई' म्हणत होतं. टपालाचं जहाज सुटायला नऊ दिवस होते. आणि त्या सकाळी हेडमास्तरांचं उत्तर आलं.

"आपल्या विद्यार्थिनीचं भाषण आम्ही सर्वांनी पाहिलं. मुलं दोन दिवस हसत आहेत. पुरानंतर ती एकत्र इतकी हसल्याचं मला आठवत नाही, म्हणून प्रथम आभार. ज्या मुलाचं पाऊल तिने दाखवलं तो आमच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार आहे. दाराच्या चौकटीला त्याचं डोकं लागतं. मुंगी त्याने गंमत म्हणून काढली. त्याचा एक प्रश्न आहे: आपल्या देशात सगळ्यांचेच तळहात एवढे मोठे असतात का?"

सोबत फोटो होता. छत्तीस धडधाकट मुलं दात काढून हसत होती आणि त्यांनी छत्तीस तळहात कॅमेऱ्यापुढे धरले होते.

बाबांनी कपाटातून मूळ कागद काढला. त्यावर सत्यप्रत ठेवली. छोटं पाऊल मोठ्या पावलाच्या आत कुठेतरी हरवून गेलं. नकलेच्या कोपऱ्यात, माशीने ठिपका ठेवावा इतक्या बारीक आकड्यांत, पन्नास टक्के असं छापलेलंही होतं.

बाबांनी तो आकडा नखाने खरवडून पाहिला. मग बाबा म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या नक्कल चुकीची नाही. सगळं प्रमाणात आहे."

"अहो, मुलं प्रमाणात नाहीत ना!" आई ओरडली.

टकळी आत जाऊन, भर दुपारी, डोक्यावरून पांघरूण घेऊन पडली. चार तास तिच्या तोंडातून शब्द निघाला नाही. आईने दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला. टकळीला झेरॉक्सचं फारसं काही वाटत नव्हतं. ती चूक दुकानाच्या काचेवर ढकलता आली असती. पण मूळ कागद एक संध्याकाळभर तिच्या हातात होता. नकला हातात आल्यावर एकदा, फक्त एकदा, तिने विचारायला हवं होतं की पाय एवढे लहान कसे. तिने विचारलं नाही, कारण लहान पाय भाषणात फार छान बसत होते.

आणि फाटकापर्यंत धावत जाणाऱ्या मुलांकडे चौथी शाळा नऊ दिवसांत काय पाठवणार होती? बाहुल्यांचे बूट?

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती पुढे गेली. सगळ्यांनी सवयीने खाली बैठक मारली. "त्या मुलांचे पाय लहान नाहीत," टकळी म्हणाली. "मी न बघता बोलले. आठ दिवसांत छत्तीस जोड नव्याने करायचेत. मला हात हवेत." आणि ती खाली उतरली. मुलं टाळ्या वाजवायला विसरली, कारण अजून सुरुवातही झाली नाही असं त्यांना वाटत होतं.

बूटवाल्या काकांना सांगणं याहून अवघड होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "तरीच! तरीच म्हटलं कापड उरलं कसं! चाळीस वर्षांत माझ्याकडे कापड उरलेलं नाही." मग एकदम आवाज चढला. "आणि तुझ्या त्या कुपोषणापायी मला दोन दिवस घास गिळला नाही, त्याचं काय?"

"चुकले, काका."

"दुहेरी सोल लावले मी!"

"काका, खरंच चुकले."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. एवढी कमी बोलताना त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. "एकट्याने आठ दिवसांत बारा जोड होतील," ते म्हणाले. "बाकीच्या जोडांसाठी हात आण. आणि या वेळी मूळ कागद आण, नाहीतर तुझ्या बापाला आण, त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत."

मग शाळा सुटली की अख्खी नववी काकांच्या दुकानात. आत जागा आठ जणांची, मुलं चाळीस. उरलेली फुटपाथवर सतरंज्या टाकून बसली. पहिल्या दिवशी पाच बूट झाले आणि पाचही डाव्या पायाचे. उजव्या पावलाचे कागद कुणीतरी उलटे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी एका मुलीची वेणी सोलला चिकटली. बूट वाचवायचा की वेणी यावर मत घेतलं, तर बुटाला बहुमत मिळालं, आणि वेणीचं टोक दोन बोटं कापावं लागलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तर आजोबा नाड्या ओवायला आले. त्यांनी सगळ्यांना त्यांची ती प्रसिद्ध गाठ शिकवली. अकरा जोड बांधून झाल्यावर काकांनी एक सोडून बघितली. सुटेना. आजोबांनाही सुटेना. आजोबा अभिमानाने म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं?" नाड्या कात्रीने कापल्या.

चौथ्या दिवशी कापड संपलं. उरलेलं म्हणून जे काकांना वाटलं होतं, ते सोळा जोडांनाच पुरलं. दुकानात तसं कापड मागवायला पंधरवडा लागणार होता. टकळी मुख्याध्यापिका बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. बाईंनी न विचारताच ओळखलं. त्या उठल्या, तिला घेऊन सभागृहात गेल्या आणि रंगमंचाच्या पडद्यापुढे थांबल्या. जाड, किरमिजी, बाईंनी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः निवडलेला. सहा वर्षांपासून तो अर्ध्यावर अडकलेला होता आणि प्रत्येक नाटकात एक पात्र त्याच्या मागे सापडायचं.

"तसाही नीट पडत नाही," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "माझ्यासमोर मात्र कापू नका."

म्हणून सोळा जोड निळे झाले आणि वीस किरमिजी. प्रत्येक बूट मूळ कागदावर ठेवून तपासला. तपासायला बाबा बसले. ते कचेरीतून थेट दुकानात यायचे, काकांची बोलणी मान खाली घालून खायचे आणि पावलाच्या रेषेवर बूट टेकवून कडा जुळवायचे. कडांच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मिळणं खरंच कठीण होतं.

छोट्या बुटांचं काय करायचं, हे टकळीने हेडमास्तरांना भीतभीत विचारलं होतं. उत्तर एका ओळीत आलं. "डोंगराच्या पायथ्याशी बालवाडी आहे. पाठवा."

शनिवारी चार वाजता परदेशी टपालाची खिडकी बंद व्हायची. साडेतीनला टकळी आणि बाबा दोन मोठी खोकी घेऊन खिडकीशी पोचले. आतल्या साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. "भेटवस्तू, मदतकार्य. ठीक. मागणीपत्र?"

बाबांनी सत्यप्रत सरकवली.

"मूळ."

"सत्यप्रत आहे. शिक्का आहे."

"शिक्का दिसतोय. मूळ पत्र पार्सलसोबत जातं. त्याशिवाय तिकडचा जकातवाला सोडणार नाही."

"मग परत कधी मिळेल?"

"परत?" साहेबांना हा शब्द नवा होता. "परत काही मिळत नाही इथे."

बाबा घामाघूम झाले. हेडमास्तरांचं मूळ पत्र त्यांच्या पिशवीत होतं. नक्कल स्वतः कुठे नेली की ताडून पाहायला मूळही ते जवळ बाळगत. पावणेचार झाले. मागे रांग चुळबुळ करायला लागली. टकळीच्या ओठांवर एक अख्खं भाषण येऊन थांबलं होतं, उपमांसकट. ते तिने गिळलं. तिने फक्त बाबांच्या कोपराला हात लावला.

बाबांनी पत्र बाहेर काढलं. घडी उलगडली, एकदा शेवटपर्यंत वाचलं, आणि खिडकीच्या आत धरलं. साहेबांनी ओढलं, तर सुटेना.

"सोडा की," साहेब म्हणाले.

बाबांनी सोडलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. खोक्यांवर शिक्के बसले. "कडा जरा सांभाळा," बाबा बारीक आवाजात म्हणाले, आणि साहेबांनी, काय वाटलं कुणास ठाऊक, ते पत्र दुमडण्याऐवजी सपाट पाकिटात सरकवलं.

सहा आठवड्यांनी पलीकडच्या शाळेत सत्र सुरू झालं, आणि दोन्ही शाळांची पडद्यावर भेट ठरली. सभागृहात तीनशे माणसं. पुढच्या रांगेत बूटवाले काका नातीला घेऊन, पोस्टमास्तर आजोबा, आई-बाबा, आणि शेजारच्या काकू, 'तिकडच्या' पद्धतीचा गडद पोशाख करून. गायनाचा चमू घसे खाकरत उभा. टकळीकडे आठ पानी भाषण, यात तळहात नव्हते.

पडद्यावर चित्र उमटलं. पायथ्याच्या बालवाडीचा वर्ग. फळा, बाकं, खिडकी. माणूस एकही नाही.

"जोडणी बिघडली वाटतं," खेळाचे सर म्हणाले.

तेवढ्यात हेडमास्तर धापा टाकत चौकटीत आले. गोरेमोरे झाले होते. "माफ करा. फार माफ करा. खोकी काल पोचली, बूट आज सकाळी वाटले. घालून बघा म्हणून पाच मिनिटं बाहेर सोडलं." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "दोन तास झाले. आत येत नाहीत."

तेव्हा सगळ्यांना तो आवाज ऐकू आला. खडीवरून पळण्याचा. एकदा डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, मध्येच कुणीतरी पडल्याचा, हसल्याचा, पुन्हा पळाल्याचा. खिडकीतून एक भलताच उंच मुलगा किरमिजी बुटांत उडी मारून गेला. बाईंनी ते किरमिजी बरोबर ओळखलं आणि त्या रुमाल शोधायला लागल्या. मग बालवाडीतलं एक कार्टं दुहेरी सोलचे बूट फदक-फदक आपटत वर्गात आलं, माठातलं पाणी प्यायलं, पडद्यातल्या तीनशे माणसांकडे त्याने बघितलं, आणि त्यांच्यात बघण्यासारखं काही नाही असं ठरवून बाहेर निघून गेलं.

"तुमच्या विद्यार्थिनीला बोलायचं होतं ना?" हेडमास्तर ओशाळून म्हणाले. "मी घंटा वाजवतो. घंटा वाजवली की येतील."

तीनशे माना टकळीकडे वळल्या. टकळीने आठ पानांकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"नको, सर," ती म्हणाली. "घंटा नका वाजवू."

आणि मग तीनशे माणसं चाळीस मिनिटं एका रिकाम्या वर्गाकडे बघत बसली, आणि एकजणही जागचा हलला नाही.